पाप कोणी सांगायचे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्ड्याहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की आरवली, संगमेश्वर आणि तिथून आत देवरूख. उत्तरेला दापोली तालुक्यात मुरूड. देवरूखची बालविधवा गोदूबाई जोशी आणि मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झाला. बरोबर चार वर्षांपूर्वी, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते आणि गोदूबाई त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. समाजसुधारणेच्या इतिहासात हे आपण शाळेपासून वाचतो. पण याच हकिगतीत आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाला सतावणारा एक प्रश्न आहे: देह, पाप आणि सत्य यांचा संबंध काय, आणि माझ्याविषयीचे सत्य सांगण्याचा अधिकार कोणाचा?

१८८७ साली दोन पुस्तके निघाली. जर्मनीत फ्रीडरिश नीत्शे यांनी नीतिकल्पनांच्या वंशावळीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुःख भोगणारा माणूस विचारतो, ‘हे कोणामुळे?’ आणि धर्मगुरू उत्तर देतो, ‘तुझ्याचमुळे.’ वेदनेला असे पापाचे रूप मिळते, हे नीत्शे यांचे निदान. त्यांनी आणखी एक धागा उलगडला. धर्माला नाकारणारी आधुनिक सत्यनिष्ठाही ख्रिस्ती सदसद्विवेकाच्याच पोटी जन्मली आहे, असे ते म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाला रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ छापले गेले. नवऱ्याच्या मृत्यूचा दोष बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापावर कसा टाकला जातो, हे त्यात आहे. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, तरी दुखण्याची जागा एकच होती.

फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी नीत्शे यांचा हा धागा पुढे नेला. १९७६ साली लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात त्यांनी पाश्चात्त्य माणसाला ‘कबुली देणारा प्राणी’ ठरवले. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक श्रद्धावंतावर वर्षातून एकदा पापनिवेदनाची सक्ती केली. कबुलीची ही रीत पुढे न्यायालयात, दवाखान्यात आणि मानसोपचारात कशी शिरली, हे फूको यांनी दाखवले. १९८० च्या व्याख्यानांत ते आणखी मागे, आद्य ख्रिस्ती काळाकडे गेले. तिथे त्यांना सत्य उघड करण्याच्या दोन रीती सापडल्या. एक देहाची: रोमची फॅबिओला केस मोकळे सोडून, गोणपाट नेसून सगळ्या शहरादेखत पश्चात्ताप करते. तिथे शब्दांना जागा फारशी नाही, देहच बोलतो. दुसरी वाणीची: ख्रिस्ती संन्यासी कासियनच्या मठातला साधक मनात उठलेला प्रत्येक विचार वडीलधाऱ्या गुरूला सांगतो आणि त्याच्या आज्ञेत राहतो. फूको यांच्या मते ही दुसरी रीत टिकली आणि तिच्यात सत्य सांगणे व आज्ञा पाळणे यांची गाठ घट्ट बसली. त्यांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड १९८४ मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, २०१८ साली आला. त्यात ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनवर मोठे विवेचन आहे. देह मुळात वाईट नाही, पापाचे मूळ स्वतःशीच फाटलेल्या इच्छेत आहे, ही ऑगस्टीनची भूमिका. पापाची जागा शरीरातून इच्छेत सरकली की माणसाला आयुष्यभर स्वतःच्या मनाची झडती घ्यावी लागते.

आता कोकणातल्या बालविधवेकडे पाहू. तिचे पाप मागच्या जन्मातले. ते तिला आठवत नाही, त्यामुळे कबूल करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. तिच्या वतीने ते समाज सांगतो आणि केशवपन करून, अलवण नेसवून, एकभुक्त ठेवून तिच्या देहावर कोरतो. फॅबिओलाने स्वतःचे कृत्य स्वतः मान्य केले होते. इथे आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर दुसऱ्यांनी निकाल लिहिलेला आहे. या मुलीला ‘तुझे पाप तुलाच ठाऊक, तेव्हा तूच बोल’ असे सांगणारा धर्म भेटला, तर तो तिला आधी बोलण्याचा हक्क देतो. कबुलीत बंधन आहे, हे फूको यांचे म्हणणे खरे. पण ज्याला बोलण्याची मुभाच नव्हती, त्याला ती कबुली काय देते, याचा हिशेब त्यांच्या मांडणीत नाही.

तो हिशेब रमाबाईंच्या आयुष्यात सापडतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या ख्रिस्ती संन्यासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, आज्ञाधारकपणा यांवर रमाबाई तिथे निर्भयपणे वाद घालतात. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला, पण स्वतःचा विवेक कोणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. कासियनच्या मठात बांधलेली गाठ या मराठी बाईने सोडवली.

त्यांच्या वाटचालीतही ताण होते. १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात ख्रिस्ती धर्मजागृतीची लाट आली. मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करत, अंगात आग पेटल्यासारखे वाटते म्हणत. देह आणि वाणी या दोन्ही रीती तिथे एकत्र आल्या. मुळात सोसणाऱ्या मुलींनी स्वतःला इतके पापी का मानावे, हा प्रश्न तिथे विचारलाच पाहिजे. नीत्शे यांचा इशारा अशा वेळी उपयोगी पडतो.

गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुनर्विवाहानंतर मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार घातला. गोदूबाईंनी पुढे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र सांगितले. त्यात पापाची कबुली नाही आणि क्षमेची याचनाही नाही, आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आयुष्य. कबुलीतून मिळालेला बोलण्याचा हक्क ठेवून पापाचे ओझे उतरवता येते, याचा हा पुरावा रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका बाईने दिला आहे. फूको वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी फूको यांच्या ग्रंथांशेजारी ‘माझे पुराण’ आणि रमाबाईंची पत्रे ठेवून वाचावीत. देह, पाप आणि सत्य यांवरचा आपला विचार तिथून सुरू व्हायला हवा.