नाण्यांच्या संगतीत : चिंच, मीठ आणि दुदांडी

कोकणातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. सासरच्या माळ्यावरच्या डब्यात मूठभर दुदांडी शिवराया (दोन दांड्यांची, मराठेशाहीतली तांब्याची नाणी) निघाल्या, काळ्या-हिरव्या पडलेल्या. त्या विचारतात, ‘बाजारात ढिगाने मिळणारी नाणी ही, चिंच-मीठ लावून लख्ख केली तर काय बिघडलं?’

बिघडतं, आणि त्यात चिंचेपेक्षा मीठ जास्त घात करतं. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा थर खातं. घागरीला ते चालतं, कारण ती पुन्हा वापरात येते. सुमारे दोनशे वर्षांच्या नाण्याच्या पृष्ठभागाला मात्र बारीक छिद्रं पडलेली असतात. मिठातलं क्लोराइड त्यांत शिरतं आणि नळाखाली कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही. मग पावसाळ्याची दमट हवा लागली की नाणं आतून खाल्लं जातं आणि वर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येते. झटकली तरी पुन्हा येते. कोकणात खारा वारा मुळात आहेच, त्यात आपण हाताने मीठ कशाला चोळायचं?

डब्यातल्या नाण्यांवरचा घट्ट, गुळगुळीत, काळपट तपकिरी किंवा गडद हिरवा थर हा मळ नव्हे. ते तांबंच आहे, हवेशी संयोग होऊन बदललेलं. तो काढलात तर नाण्याचा वरचा पापुद्रा गेला. शिवराईच्या बाबतीत हे फारच महाग पडतं. ही नाणी हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पुरती उमटलेली क्वचितच दिसतात. जी उमटली तीही झिजलेली. खिडकीजवळ नाणं तिरपं धरा : खोलगट भाग काळा, उठावाची अक्षरं किंचित उजळ, आणि त्या फरकामुळेच ‘राजा’ वाचता येतं. घासलेल्या नाण्यावर सगळंच एकसारखं गुलाबी होतं आणि ते अक्षर शोधावं लागतं. नाणं सामान्य आहे म्हणून तर ते घासून किंमतही वाढत नाही!

माती मात्र जरूर काढा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात नाणी बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. चार-सहा दिवसांत माती मऊ पडते; मग दात कोरायच्या लाकडी काडीने, भिंगाखाली, ती हलकेच उचला. सुती कापडावर टिपा, चोळू नका. पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात घालू नका. भुकटी येणारं नाणं असेल तर ते वेगळं ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतल्या नाण्यांवर चिकट हिरवी साय धरते, तिच्यावर शुद्ध अॅसिटोन चालतं. नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात इतर द्रव्यं असतात. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटवू नका.

ताईंनी आणखी एक विचारलंय : सासूबाई दर लक्ष्मीपूजनाला यांतल्याच दोन शिवराया उजळतात, त्यांना कसं थांबवावं? थांबवू नका. त्या दोन देवघराच्या आहेत. बाकीच्या तेवढ्या कागदी पाकिटांत घाला आणि प्रत्येक पाकिटावर ‘माळ्यावरचा डबा’ असं लिहून ठेवा.