निकाल दाखवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा!

"सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे, आधी चौकशी, मग गुन्हा!" अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला असे कुणी ऐकवले, तर तो काय उत्तर देईल? कोर्टाचे नाव काढताच भलेभले कार्यकर्ते गप्प बसतात. म्हणूनच पूर्वनिर्णय म्हणजे काय, हे चळवळीतील प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

एका खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला, तोच अर्थ तशाच पुढच्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी लावायचा, ही इंग्लंडमधून आलेली पद्धत. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. न्यायाधीश बदलला म्हणून न्याय बदलू नये, हा यामागचा हेतू. मात्र निकालपत्रातील प्रत्येक वाक्य सारखे वजनदार नसते. ज्या कारणावर निकाल उभा असतो, ते बांधून ठेवते. ओघात मांडलेल्या मतांना तेवढे बळ नसते. शिवाय मोठ्या पीठाचा निर्णय लहान पीठाला मोडता येत नाही.

आता हाच नियम आपल्या कायद्याला लावून पाहा. फिर्यादीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले होते. तरीही २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीवर प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आवश्यक ठरवली. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसांचे बळी गेले. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणून चौकशी आणि परवानगी या दोन्ही अटी काढून टाकल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने कलम १८-अ वैध ठरवले. म्हणजे रस्त्यावरचा समाज, संसद आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी ती लढाई झाली.

तेव्हा कुणी निकाल दाखवला की तीन प्रश्न विचारा. कोणत्या न्यायालयाचा? किती न्यायाधीशांचा? आणि तो आजही कायम आहे काय?

पण बांधवांनो, हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्याला न आवडणारा निकालही बंधनकारकच असतो. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हे २०२० च्या त्याच निकालात आहे. जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा, घराच्या चार भिंतींत साक्षीदाराविना झालेला पुरेसा नाही, असे त्याच वर्षी हितेश वर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी सांगितले. म्हणून फिर्याद लिहिताना घटना कुठे घडली, कोणते शब्द वापरले गेले, तेथे कोण हजर होते, हे स्पष्ट नोंदवा. ढिसाळ फिर्याद हे आरोपीच्या वकिलाचे सर्वांत मोठे हत्यार असते.

बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले. ते कोर्टात कसे वाचले जाते, हे शिकणे आता आपले काम आहे.