पावणेदोन हात माती

सातबारा हातात आला की आपण आधी नाव बघतो, मग क्षेत्र, आणि मग ‘इतर हक्कां’त कुणाचा बोजा चढलाय का ते. क्षेत्राजवळच छापलेला ‘आकार’ मात्र कुणी वाचत नाही. वाचायचा तरी कशाला? कोरडवाहू हेक्टराला दोन-चार रुपये, तेही वर्षाचे. ज्या रानाबद्दल गिऱ्हाईक कोटीच्या भाषेत बोलतं, त्याचा मूळ सारा कटिंग चहाच्या भावात बसतो. हा आकडा आला कुठून, याचा माग काढत गेलं तर माणूस जुन्या मुंबई इलाख्यातल्या एका खड्ड्याशी पोचतो. खरोखरच्या, कुदळीने खणलेल्या.

पेशवाई गेल्यानंतर काही वर्षांतच रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात सारा ठरवायचं काम हाती घेतलं. शेताचं उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातले 55 टक्के सरकारने घ्यायचे, असा हिशोब. कागदावर सुरेख! प्रत्यक्षात मोजणी चुकली, सारा झेपेना, माणसं रानं टाकून निघून गेली. मग 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मांडणी केली. पीक किती येतं हे विचारायचंच नाही, माती काय आहे ते बघायचं.

यातली बारकाई बघण्यासारखी आहे. शेताचे कागदावर भाग पाडायचे आणि भागाभागात खणून मातीची खोली हाताने मोजायची. काळी, त्याखालची तांबूस आणि बरड, अशा मातीच्या तीन जाती, प्रती नऊ. उत्तम काळी माती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे 31 इंच खोल लागली की ती पहिल्या प्रतीची, सोळा आणे. त्याहून खोल गेली तरी भाव तोच, कारण त्यापुढच्या खोलीने पिकात फरक पडत नाही असं त्यांचं मत होतं. खोली पाव हात कमी झाली की एक प्रत खाली: चौदा आणे, बारा, दहा, असं उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. मग खोडी बघायच्या. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याने माती वाहून जाणं, पाणी साचून राहणं. प्रत्येक खोडीला कागदावर एक ठरलेली खूण, आणि एका खुणेला एक प्रत कमी. म्हणजे सव्वा हात काळी माती बारा आण्यांची. पण ती उतारावर असेल आणि चुनखडीची असेल तर दोन पायऱ्या घसरून आठ आण्यांवर. गावाचा जो सर्वांत वरचा दर, त्याच्या निम्मा सारा या तुकड्याला. तो वरचा दर गावांच्या गटाला मिळून ठरे: पाऊसपाणी कसं, बाजारपेठ किती लांब.

प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कुदळ, हाताचं माप आणि बोटांनी चुरलेलं ढेकूळ!

साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधलेला. स्वतःच्या पैशाने विहीर पाडली तर तिच्यामुळे फेरआकारणीत सारा वाढवायचा नाही, हेही पुढे कायद्यात आलं. व्यवस्था निर्दोष होती असं मात्र नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस तेजीत असतानाच्या काळात इंदापूर भागातली पहिली मुदत संपली आणि सारा वाढला. पुढे कापूस पडला, सावकारी फास आवळला आणि 1875 मध्ये पुणे भागातल्या सुपे गावात दंगा पेटला. पण खड्ड्यातून निघालेला तो हिशोब टिकला. टिपण, गुणाकार बुक, शेतवार, आकारबंद ही कागदपत्रं आजही भूमी अभिलेख कार्यालयातून काढतात, आणि पुण्यातल्या प्रमुख अधिकाऱ्याचं पदनाम अजून ‘जमाबंदी आयुक्त’च आहे. रुपया घसरत गेला, आकार मात्र रुपयांतच राहिला. वर उपकर चढतात, तरी रक्कम किरकोळच.

आता गंमत बघा. जेम्स विल्सनने 1860 मध्ये हिंदुस्थानात आयकर आणला तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात होतं. 1886 च्या कायद्याने ते वगळलं. शेतकरी शेतसारा भरतोच, त्याच कमाईवर दुसरा कर कशाला, हा त्यामागचा मोठा युक्तिवाद. पुढे राज्यघटनेने शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत टाकला आणि केंद्राचा हात तिथे थांबला. सारा नाममात्र उरला तरी त्याच्या आधाराने मिळालेली माफी ठणठणीत आहे. दोन-तीन एकरवाल्याला याचं फारसं काही नाही, त्याचं करपात्र उत्पन्न निघतं कुठे? खरा लाभ मोठ्या बागायतदाराला, आणि त्याच्या आडून दुसरीकडचा पैसा शेतीचा म्हणून दाखवणाऱ्याला. हे मला तरी पटत नाही.

जमीन विकायला काढली की मातीचा प्रश्नच संपतो. खऱ्याखुऱ्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण म्हणजे कुठली? जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांवर आणि लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरच्या पलीकडची. लाखावर, दहा लाखांपर्यंत असेल तर 6 च्या पलीकडची. त्याहून मोठ्या शहराला 8. हे अंतर रस्त्याने मोजायचं की सरळ रेषेत, यावरून कोर्टकज्जे झाले. 2013 च्या दुरुस्तीने हवाई अंतर धरायचं ठरलं, आणि ते जुन्या व्यवहारांना लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2015 मध्ये सांगितलं. घाटाच्या वळणांनी लांब पडलेलं रान हवाई मापामुळे कागदावर शहराच्या कुशीत आलं.

रेषेच्या आतल्यालाही एक वाट आहे. स्वतः किंवा आईवडिलांनी आधीची दोन वर्षं ती जमीन कसली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर गुंतवलेल्या नफ्यापुरती सूट मिळते. नाहीतर जुन्या जमिनीच्या नफ्यावर साधारण 12.5 टक्के, सेस वेगळा.

ही लोकसंख्या मोजायची शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून, म्हणजे अजून 2011 च्याच आकड्यांवरून. 2027 च्या जनगणनेचे आकडे आले की 2011 मध्ये नव्वद हजारांवर असलेली कितीतरी शहरं लाख ओलांडतील आणि 2 किलोमीटरचा पट्टा एकदम 6 चा होईल. मग हद्दीपासून 4 किलोमीटरवरचं रान विकताना कर लागेल, तो शेजारच्या शहरात भाडेकरू वाढले म्हणून.