टांगाईलची उडी: आठवणीला पुरावा कसं करायचं?

11 डिसेंबर 1971 ला दुपार कलल्यावर 2 पॅरा (मराठा) ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 1 मराठा लाइट इन्फंट्री येऊन मिळाली, आणि 16 तारखेला हीच पॅरा पलटण ढाक्यात शिरली. एवढं पुस्तकात मिळतं. मग उडी मारलेल्या जवानाकडे रेकॉर्डर घेऊन कशाला जायचं?

एक तर कागदांचा भरवसा नाही. पूर्व कमांडची 1971 ची बरीच कागदपत्रं नष्ट झाल्याची बातमी 2010 मध्ये आली होती. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने लिहिलेला या युद्धाचा इतिहास 1992 मध्येच तयार होता. लोकांना तो 2000 मध्ये वाचायला मिळाला, तोही एका वर्तमानपत्राने वेबसाइटवर टाकला म्हणून. 2021 च्या धोरणानुसार युद्धाच्या नोंदी साधारण 25 वर्षांत खुल्या व्हायच्या आहेत. चांगलंच आहे, पण जे कागद उरलेच नाहीत ते कसे खुले होणार? आणि तेव्हा विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वेळी जगभर छापून आलं, की अख्खी ब्रिगेड उतरली, 5,000 जवान. सोबतचा फोटो होता आग्र्याच्या सरावाचा! खऱ्या उडीचा फोटो हाताशी नव्हता, असं सैन्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी पुढे स्वतः सांगितलं. प्रत्यक्षात उतरली होती एक पलटण, आणि सोबत थोडा तोफखाना नि इंजिनियर.

आता समजा, तुमचे काकाजी म्हणाले, ‘आम्ही पाच हजार होतो.’ खोडू नका. त्यांनी पाहिली ती आपल्या विमानातली माणसं. पाच हजार हा आकडा बहुतेक नंतर पेपरातून आत शिरला. टिपणात ‘स्वतः पाहिलं’ आणि ‘नंतर ऐकलं’ असे दोन रकाने ठेवा. इटलीतल्या तेर्नी गावात 1949 मध्ये मारल्या गेलेल्या एका कामगाराचा मृत्यू अनेकांना 1953 च्या कामगारकपातीतला म्हणून आठवत होता. अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी त्या चुकीलाच पुरावा मानलं: लोकांना तो मृत्यू कुठे बसवावासा वाटला, हे तीतून कळतं.

‘कसं वाटलं?’ विचारलंत की 26 जानेवारीचं भाषण मिळतं. त्याऐवजी विचारा: विमानात तुमच्या पुढे कोण होतं? पाठीवर काय बांधलं होतं? पाय टेकले ते चिखलात की पाण्यात? कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीने आणि गावकऱ्यांनी सामान वाहून न्यायला मदत केली, हे नोंदलेलं आहे. पण मराठा जवान बंगाली शेतकऱ्याशी नेमका कोणत्या भाषेत बोलला? हे फक्त तोच सांगेल. नकाशा दुसऱ्या भेटीत काढा, नाहीतर आठवण नकाशाच्या मागे चालू लागते. आणि घरातलं कोणी ‘बाबा, ते पुलाचं सांगा ना’ म्हणालं, तर समजा की ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालेली आहे. तीही घ्या, पण तिच्यावर थांबू नका.

नागपुरात सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करता येईल. कामठीत गार्ड्सचं केंद्र असल्याने माजी सैनिक भेटतील. मराठा पलटणीचे मात्र पश्चिम महाराष्ट्राकडे जास्त, तेव्हा गाडीचं रिझर्वेशन करून ठेवा.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि रेकॉर्डिंगनंतर ते पुन्हा वाचून दाखवायचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणींचा प्रकल्प किमान 30 मिनिटांची, काटछाट न केलेली मुलाखत मागतो. तो नियम आपणही घ्यावा. मात्र बोलणाऱ्याने एखादं नाव बंद ठेवायला सांगितलं (मेलेल्या सोबत्याचे घरचे शेजारच्याच गावात असू शकतात), तर मूळ फाइल अखंड ठेवायची, आणि लोकांसाठीच्या प्रतीत तेवढा भाग मुका करून त्याची वेळ नोंदवायची.