‘हॉकी स्टिक – १ नग’

देवळाली कॅम्प हे नाव जैन कुटुंबात निघाले की प्रथम आठवतात ती जुनी सॅनिटोरियमे, लाम रोडवरील कहान नगरचे जिनमंदिर आणि पहाटेची कोरडी, थंड हवा. हवापालटासाठी मुंबईहून आलेली वडीलधारी मंडळी आठ-पंधरा दिवस येथे राहतात, प्रवचन ऐकतात आणि सकाळ-संध्याकाळ छावणीच्या सावलीच्या रस्त्यांवरून फिरतात. त्याच रस्त्यांच्या कडेला या गावाची दुसरी ओळख उभी आहे. हे लष्कराचे ठाणे आहे, तोफखान्याचे शिक्षण देणारी ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ येथे आहे आणि बार्न्स स्कूलसारखी १९२५ पासूनची निवासी शाळाही आहे. जेथे छावणी आणि निवासी शाळा, तेथे मैदान हे ओघानेच आले.

भारतात हॉकी रुजली ती अशाच छावण्यांमधून. मेजर ध्यानचंद १९२२ साली सैन्यात दाखल झाले आणि त्यांचा खेळ पलटणीच्या मैदानावर घडला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर धनराज पिल्ले हेही छावणीच्याच गावचे. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. त्यांच्याकडे पुढे वळायचेच आहे.

आता प्रसंग असा की, घरातील नातू किंवा नात निवासी शाळेत दाखल होते. शाळेकडून सामानाची यादी येते. गणवेश, बूट, चादरी, आणि त्यात एक ओळ असते : हॉकी स्टिक – १ नग. गणवेशाचे माप घेण्यासाठी शिंप्याकडे दोन फेऱ्या होतात. बूट पायात घालून, चालून पाहिले जातात. स्टिक मात्र दुकानदाराने काढून दिली तशी घेतली जाते. फार तर रंग पाहिला जातो आणि किंमत विचारली जाते. ज्यांना परवडते ते सर्वांत महाग घेतात, ज्यांना परवडत नाही ते सर्वांत स्वस्त. दोघेही एकच चूक करतात. खेळणारे मूल कसे खेळते, किंवा कसे खेळू लागणार आहे, हा प्रश्न दोन्ही व्यवहारांत विचारलाच जात नाही.

या चुकीची वसुली पुढे होते. जड स्टिकने मनगट दुखू लागते, लांब स्टिकमुळे पवित्रा बिघडतो, ताठ स्टिकवरून चेंडू उडून जातो. सहा महिन्यांत मूल म्हणते, ‘मला हॉकी जमत नाही.’ घरचेही मान्य करतात. खेळ सुटतो आणि दोष कशाचा होता हे कोणालाच कळत नाही.

नियमांची चौकट प्रथम पाहावी. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार स्टिकची लांबी १०५ सेंटीमीटरपेक्षा आणि वजन ७३७ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कडीतून ती पार झाली पाहिजे. तिच्या दांड्याला असलेला बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. स्टिकची डावी बाजू चपटी असते आणि उजवी गोलाकार. गोलाकार पाठीने चेंडू खेळता येत नाही. यातून एक गोष्ट निघते, जी डावखुऱ्या मुलांच्या पालकांना ठाऊक नसते : डावऱ्यांची वेगळी स्टिक नसते. सर्वांनी डावा हात वर आणि उजवा खाली धरूनच खेळायचे असते. त्यात डावखुऱ्या मुलाचा तोटा नाही. चेंडू घोळवताना स्टिक फिरवण्याचे मुख्य काम वरचा, म्हणजे डावाच हात करतो.

या चौकटीच्या आत निवडीला पुष्कळ वाव आहे. लांबीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. प्रौढांसाठी ३६.५ इंचांची स्टिक सर्वत्र चालते, बऱ्याच उंच खेळाडूंना ३७.५ इंचांची लागते आणि मुलांसाठी त्याहून आखूड मापे मिळतात. स्टिक पायाजवळ उभी धरली असता तिचे वरचे टोक साधारण कमरेच्या हाडाशी यावे. ‘वाढते अंग आहे, दोन वर्षे पुरेल अशी मोठी घ्या’ हा गणवेशाचा न्याय येथे लावू नये. सदरा सैल झाला तर बाही दुमडता येते. लांब स्टिकचे टोक मात्र पोटात लागते, कोपर बाहेर फेकले जाते आणि मूल ताठ उभे राहून खेळू लागते. हॉकीत गुडघे वाकवून चेंडूजवळ राहणे हा पाया आहे आणि तोच कच्चा राहतो.

वजन हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मर्यादा ७३७ ग्रॅमची असली तरी आजच्या बहुतेक स्टिक ५२० ते ५६० ग्रॅमच्या आसपास असतात. आघाडीला खेळणाऱ्याला गर्दीतून चेंडू काढायचा असतो, त्याला हलकी स्टिक बरी. बचावफळीतील खेळाडूला लांब फटका मारायचा असतो आणि समोरून येणारा जोरदार चेंडू अडवायचा असतो. त्याला थोडे वजन उपयोगी पडते. पण एकाच वजनाच्या दोन स्टिकही हातात सारख्या वाटत नाहीत, कारण एकीचा भार खाली, टोकाकडे असतो आणि दुसरीचा वर. दुकानातच डाव्या हाताने एकट्याने स्टिक धरून, मिनिटभर चेंडू घोळवल्यासारखी उलटसुलट फिरवून पाहावी. मिनिट संपण्यापूर्वी मनगट थकले तर ती स्टिक परत ठेवावी, मग तिच्यावर कोणाचेही नाव छापलेले असो.

खरी गफलत होते ती बाकाच्या बाबतीत. स्टिक चपटी बाजू खाली करून फरशीवर ठेवली की दांड्याखाली पोकळी दिसते. ती सर्वांत जास्त कोठे आहे, यावर स्टिकचा स्वभाव ठरतो. नियमाने हा उंचवटा खालच्या टोकापासून किमान २०० मिलिमीटर वर असला पाहिजे. काही स्टिकमध्ये तो अगदी त्या मर्यादेपाशी असतो. अशा ‘लो बो’ स्टिकवर चेंडू दांड्याच्या खोबणीत बसून घसरत जातो आणि झटक्याने उचलून फेकता येतो. पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग फ्लिकसाठी हीच रचना हवी असते. टोकियोत ४१ वर्षांनी मिळालेले ऑलिंपिक कांस्यपदक आणि २०२४ साली पॅरिसमध्ये हरमनप्रीतसिंग यांनी केलेले दहा गोल मुलांनी टीव्हीवर पाहिले आहेत. साहजिकच प्रत्येकाला तशीच स्टिक हवी असते.

पण त्याच स्टिकने साधा जमिनीलगतचा फटका मारला तर सराव नसलेल्या हातातून चेंडू नकळत वर उठतो. दीडशे ग्रॅमांहून जड, टणक चेंडू गुडघ्याच्या किंवा तोंडाच्या उंचीवर जाणे म्हणजे समोरच्या मुलाला इजा. संघातील एक-दोघेच ड्रॅग फ्लिक करतात; जमिनीवरचा पास मात्र अकराही जणांना द्यावा लागतो. शिकणाऱ्या मुलासाठी बाक सौम्य आणि मध्यभागाकडे असलेली स्टिक योग्य. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात किमतीच्या आधी बाकाची चौकशी व्हावी, हे सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये.

खालच्या वळणाचे, म्हणजे टोकाचे, प्रकारही अनेक आहेत. एकेकाळी इंग्लंडात लांब टोकाच्या स्टिक वापरल्या जात. भारतीय कारागिरांनी ते टोक आखूड केले आणि वळण घट्ट केले. त्यामुळे चेंडूवरून स्टिक चटकन उलटी करणे सोपे झाले आणि डावी-उजवीकडे चेंडू घोळवत नेण्याची जी भारतीय शैली जगाने वाखाणली, तिला साजेसे साधन मिळाले. आज सर्वाधिक खपते ते ‘मिडी’ टोक, आणि जागा निश्चित न झालेल्या खेळाडूने तेच घ्यावे. उलट्या बाजूने फटका मारणारे किंवा स्टिक जमिनीवर आडवी टाकून चेंडू अडवणारे खेळाडू ‘मॅक्सी’ किंवा ‘हुक’ टोक पसंत करतात.

आता लाकूड की कार्बन? पूर्वी स्टिक म्हणजे तुतीचे लाकूड. त्याचा चिवटपणा आणि वाफेवर वाकण्याचा गुण यामुळे सियालकोटच्या कारागिरांनी ते निवडले. फाळणीनंतर त्यांपैकी अनेक कारागीर जालंधरला आले आणि खेळाच्या साहित्याचा तो उद्योग तेथे पुन्हा उभा राहिला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली; त्या स्पर्धेत भारत सातव्या स्थानावर राहिला. सपाट पृष्ठभागावर चेंडूचा वेग वाढला, तसे फटक्यात अधिक ताकद देणारे साहित्य पुढे आले. आजच्या स्टिक कार्बन, काचतंतू आणि अरामिड धाग्यांच्या थरांनी बनतात. कार्बनचे प्रमाण बहुधा दांड्यावर छापलेले असते आणि दुकानदार तेच मोठ्या अभिमानाने दाखवतो.

त्या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ. फटका जोरात बसतो हे खरे. पण येणारा चेंडू अडवताना स्टिक थोडीही दबत नाही, त्यामुळे तो आदळून दूर जातो. नव्वद टक्के कार्बनची स्टिक ज्याला चेंडू हलक्या हाताने थांबवता येतो त्याच्यासाठी आहे. नवशिक्याला दहा-वीस टक्क्यांची स्टिक, किंवा चांगली लाकडी स्टिकसुद्धा, अधिक शिकवते; चेंडू तिच्यावर थांबतो आणि थांबलेल्या चेंडूचे पुढे काही करता येते.

मैदानाचाही हिशेब हवा. मुंबईत चर्चगेटजवळ किंवा पुण्यात बालेवाडीला कृत्रिम मैदान आहे. नाशिक परिसरातील बहुतेक मुले मात्र मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावरच सुरुवात करतात. खडीवर घासून महागड्या स्टिकचेही टोक आणि कडा वर्षभरात झिजतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या मालमत्तेवरील घसारा किमतीवर ठरत नाही, जमिनीवर ठरतो. मातीच्या मैदानासाठी मध्यम किमतीची स्टिक घ्यावी, तिच्या कडांना चिकटपट्टी लावावी आणि उरलेल्या पैशांतून नडगीरक्षक व दातांचे संरक्षक कवच आधी घ्यावे. लाकडी स्टिक असेल तर देवळालीच्या पावसाळ्यात ती ओली राहू देऊ नये. पुसून, कोरड्या जागी ठेवावी.

जैन घरांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो निघायलाच हवा. मुठीवरील पट्टी कशाची? एकेकाळी मऊ ‘शॅमी’ कातड्याची पट्टी प्रचलित होती आणि चेंडूही चामड्याने मढवलेला असे. आज चेंडू प्लास्टिकचा असतो आणि बहुतेक पट्ट्या कृत्रिम किंवा टॉवेलसारख्या कापडाच्या असतात. तरीही ‘शॅमी’ हे नाव दोन्हींना लावले जाते, म्हणून वेष्टनावरचे वाचावे, नाही तर स्पष्ट विचारावे. पट्टी नको तशी निघाली तर स्टिक परत करण्याची गरज नसते. ती उलगडून दुसरी गुंडाळता येते. मुलाला हे काम स्वतः करायला शिकवले तर मुठीची जाडी त्याच्या पंजाला बेताची होते.

धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाचे ते कर्णधार होते. खडकीच्या त्या वसाहतीत पिल्ले बंधूंना नवी स्टिक परवडत नसे. मोडलेल्या स्टिक दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ते खेळत. थोरले बंधू रमेश राष्ट्रीय संघात निवडले गेले तेव्हा त्यांनी आपली जुनी स्टिक धनराज यांना दिली, अशी हकीकत सांगितली जाते. गरिबीचे कौतुक करण्यासाठी ती येथे दिलेली नाही. दोरीने बांधलेली स्टिक कोणाच्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये. पण ती जुनी स्टिक एका खेळाडूने अनेक वर्षे वापरलेली होती आणि ती कशी वागते हे देणाऱ्याला ठाऊक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणून नवी स्टिक घेण्यापूर्वी मुलाने मित्रांच्या, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या चार-पाच निरनिराळ्या स्टिकने आठवडाभर खेळून पाहावे आणि प्रशिक्षकांना एकच विचारावे : हा कोठे खेळेल? शाळेच्या यादीत ‘१ नग’ लिहिले असले तरी पहिल्या सत्रापुरती वापरलेली स्टिक चालेल का, हेही शाळेला विचारता येते. वाढत्या वयात दर दीड-दोन वर्षांनी लांबी बदलावी लागते आणि आखूड झालेल्या, पण धड असलेल्या स्टिक घराघरांत कपाटामागे उभ्या असतात. सुटीत देवळालीला येणाऱ्या कुटुंबांनी त्या सोबत आणल्या, तर येथील मैदानांवर त्यांना हात शोधावे लागणार नाहीत. देण्यापूर्वी मुठीची पट्टी तेवढी नवी गुंडाळावी आणि टोकाला तडा गेलेला नाही ना, हे उजेडात पाहून घ्यावे.