आतड्यांतील सहवासी आणि आंत्रदाह

बुंदेलखंडातील एखाद्या खेड्यातून पोटदुखी, जुलाब, बारीक ताप आणि घटते वजन अशा तक्रारी घेऊन रुग्ण झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात आला, तर चिकित्सकाला प्रथम आतड्याच्या क्षयाची शंका येते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्यामुळे ती साहजिकच होय. परंतु १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी वर्णिलेल्या आंत्रदाहाची, म्हणजेच क्रोनच्या रोगाची, लक्षणेही अशीच असतात. दोन्ही रोगांत बहुधा लहान व मोठे आतडे जेथे जुळतात तेथेच व्रण पडतात.

जीवाणूंचा संबंध दोहोंशी आहे. मात्र तो भिन्न प्रकारचा आहे. क्षयाचा जंतू बाहेरून येतो. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ साली ओळखला. क्रोनच्या रोगाला असा एकच अपराधी अद्याप सापडलेला नाही. येथे बिघडतो तो शरीराचा आपल्या नित्याच्या सहवाशांशी असलेला सलोखा.

हे सहवासी थोडेथोडके नव्हेत. २०१६ मधील एका गणनेनुसार मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. धान्याचा कोंडा व डाळींची साले यांतील न पचलेले तंतू ते आंबवितात. त्यातून निर्माण होणारे ब्यूटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे प्रमुख इंधन होय. क्रोनच्या अनेक रुग्णांत हे आम्ल बनविणारे काही जीवाणू कमी झालेले आढळतात. ही उणीव रोगाचे कारण की परिणाम, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. तथापि दाहाची आनुवंशिक प्रवृत्ती असलेले काही उंदीर जंतुरहित वातावरणात वाढविले असता त्यांना आंत्रदाह होत नाही, यावरून जीवाणूंचा त्यातील वाटा स्पष्ट होतो.

निदानातील चूक महागात पडते. क्रोनच्या रोगात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे देतात. तीच क्षयरुग्णाला दिली तर क्षय बळावतो. उलट क्षयाची औषधे क्रोनचे व्रण भरून काढीत नाहीत आणि मोलाचे महिने वाया जातात. म्हणून व्रणाच्या तुकड्याची तपासणी करूनही संशय फिटला नाही, तर बहुधा प्रथम क्षयाचे उपचार सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून व्रण भरले की नाहीत हे पुन्हा पाहतात.