ट्रॅक्टरचा न्यूट्रल स्विच : तारा पिळू नका, स्विच बदला



चावी फिरवावी आणि ट्रॅक्टर मुका! दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण स्टार्टर 'टक्'सुद्धा करीत नाही. ऐन पेरणीत असे झाले की मग एखादा हुशार गडी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना तो टेकवतो, ठिणगी उडते आणि इंजिन धडधडू लागते. या हुशारीबद्दलच आज लिहायचे आहे.

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सवर एक लहानसा स्विच असतो. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरच तो स्टार्टरकडे वीज जाऊ देतो. (काहींत हाच पहारा क्लचच्या पेडलापाशी असतो. आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका पाहावी.) धूळ, ओल आणि हादरे यांनी तो बिघडतो. जागा अशी अडचणीची, की हात पोचत नाही. म्हणून लोक त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून मोकळे होतात.

मीही एकदा ते पाहून गप्प बसलो होतो. "साहेब, पेरणी उरकली की बदलू," असे मालक म्हणाले आणि मी मान डोलावली. पेरणी उरकली, तारा तशाच राहिल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या धाकट्या मुलाने जमिनीवरूनच हात घालून चावी फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. मागच्या चाकाने पोराच्या नडगीचे हाड मोडले. गोठ्याची भिंत आडवी आली म्हणून ट्रॅक्टर थांबला.

आता कामाचे. आधी बॅटरीची टोके घट्ट आहेत का, सगळे दांडे खरोखर न्यूट्रलमध्ये आहेत का, हे पाहा. चावी फिरवताना दिवे एकदम मंदावले तर दोष बहुधा बॅटरीकडे. दिवे तसेच लख्ख राहिले तर स्विचवर संशय घ्या.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. चाकांना पुढून-मागून दगड लावा, चावी खिशात टाका आणि बॅटरीची उणे तार सोडवा. बहुतेक वेळा पायाखालचा पत्रा काढला की स्विच दिसतो. लगेच पाना लावू नका. डिझेल आणि ब्रशने आजूबाजूची माती स्वच्छ करा, नाही तर ती भोकातून गिअरबॉक्समध्ये जाते आणि शंभराच्या कामाचे हजार होतात. मोबाईलवर तारांचा फोटो काढून ठेवा.

तारा सुटल्या की स्विचच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. न्यूट्रलमध्ये तो वाजला पाहिजे, गिअर टाकला की गप्प झाला पाहिजे. तसे होत असेल तर स्विच चांगला आहे, दोष तारेत शोधा.

स्विच काढायला साधा पाना वळत नाही. खोल सॉकेट आणि लांब दांडी घ्या. इथेच खरी गंमत आहे : सॉकेटमध्ये थोडे ग्रीस भरले की स्विच त्यात चिकटून राहतो, खाली पडत नाही. स्विचखालचे वॉशर मात्र जपा, जितके निघाले तितकेच, त्याच जाडीचे, परत घाला. वॉशर कमी-जास्त झाले की दट्ट्याची खोली बदलते. मग एक तर न्यूट्रलमध्येही स्टार्टर फिरत नाही, नाही तर गिअरमध्येही फिरतो. दुकानात जाताना जुना स्विच बरोबर न्या, नुसते मॉडेलचे नाव सांगून भागत नाही.

नवा स्विच आधी हाताने फिरवा. आटे सरळ बसले तरच पाना लावा, आणि जोर बेताचा. ऑइल सांडले असेल तर पातळी पाहून भरा.

शेवटी परीक्षा. ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी नको. सीटवर बसून पीटीओ बंद ठेवा, ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका आणि चावी क्षणभर फिरवा. स्टार्टर फिरला नाही, तर काम झाले. फिरला, तर पत्रा बसवू नका. पुन्हा वॉशर मोजायला बसा.